विरजण

माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. चकलीची भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणणारे, आणि तयार भाजणीचा पुडा आणणारे. (तयार चकल्याच विकत आणणारा एक तिसरा वर्गही आहे, पण तो सुखी असल्यामुळे त्याच्यावर निबंध लिहिता येत नाही.) पहिल्या वर्गातली माणसे चकली पुढे ठेवताना "घरची आहे हो!" असे म्हणतात आणि त्या 'घरची'वर असा काही जोर देतात, की चकली मऊ पडली आहे हे बोलायची खाणाऱ्याला सोय उरत नाही. गंमत अशी, की दुसऱ्या वर्गातली माणसेसुद्धा "घरचीच आहे" असेच म्हणतात. भाजणी पुड्यातली असली म्हणून काय झाले, तळली तर घरी ना? आणि पहिल्या वर्गाचे तरी असे काय मोठे? तांदूळ त्यांनी पिकवलेला नसतो, डाळ त्यांनी भरडलेली नसते, गिरणी दुसऱ्याची, आणि सोऱ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा. तेव्हा 'घरची' हा शब्द नेमका कुठून सुरू होतो, हा मोठा नाजूक प्रश्न आहे.

हा प्रश्न मला स्वयंपाकघरात पडला असता, तर कोणीतरी हातात किसणी आणि नारळाची वाटी देऊन तो तिथल्या तिथे मिटवला असता. तो पडला संगणकापुढे. तिथे माणूस एकटा असतो आणि एकट्या माणसाचे प्रश्न वाढत जातात.

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचे एक पुस्तक आहे. जेरार्ड बीकमन्स नावाच्या गृहस्थांनी १९९९ साली ते सुरू केले आणि तेव्हापासून बरीच मंडळी मिळून ते ताजे ठेवीत आली आहेत. पुस्तक फुकट आहे. ते कशाबद्दल आहे हे सांगण्यापूर्वी ही माहिती दिली, कारण त्यामुळे वाचक पुढे ऐकून घेतो.

संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. कोणी काय मागितले, कुठे ठेवले, कोणाला आधी द्यायचे, हे सगळे तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स हा असाच एक कारभारी. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या पोराने, छंद म्हणून करतो आहे असे सांगत, त्याचा गाभा लिहिला. तेव्हा तो साधारण दहा हजार ओळींचा होता. भोवतालची भांडीकुंडी बरीचशी आधीच तयार होती. ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली. एकाने चूल मांडली, दुसऱ्याकडे पातेली होती, आणि दोघांच्या संसारावर आज जगातले निम्मेशिम्मे कारखाने, बँका आणि आपल्या खिशातले अँड्रॉइडचे फोन चालतात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा लिनक्स शहाणी माणसे पुड्यातून आणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा नावांचे उत्तम पुडे मिळतात. फोडा, ओता, ढवळा, तयार. आमचे पुस्तक मात्र म्हणते, पुडा नको. साधारण ऐंशी निरनिराळ्या आज्ञावल्यांचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने माणसाला वाचता येईल असा लिहिलेला मूळ मजकूर, आणा. तो घरी दळा. आणि त्यातून आपला कारभारी आपण उभा करा.

माझा एक भाचा याच धंद्यात आहे. त्याला हा बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मामा, वीस मिनिटांत इन्स्टॉल होतं रे ते! वेळच घालवायचाय तर रोज पर्वती चढत जा."

"पण पर्वती मी बांधलेली नाही ना," मी म्हणालो.

"आणि हे तू बांधणार?"

"अर्थात."

"बरं," तो म्हणाला. तरुण पिढी 'बरं' हा शब्द फार वाईट रीतीने उच्चारते.

आता हे दळण कसे चालते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक आज्ञावलीचे एक गाठोडे असते. ते सोडायचे आणि तीन मंत्र म्हणायचे: कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. यांतला पहिला सर्वांत करमणुकीचा. कॉन्फिगर म्हणजे मुलगी बघायला आलेली मंडळी. ती आली की प्रश्न सुरू होतात. सी कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. अमुक फाइल आहे का? आहे. तमुक येते का? नाही. प्रत्येक उत्तर समोर टिपून ठेवले जाते. त्यात एक प्रश्न असा असतो, की बांधकामाचे एन्व्हायर्नमेंट 'सेन' आहे काय? तो पडद्यावरून जात असताना आमची सौभाग्यवती चहा घेऊन आली होती.

"सेन म्हणजे काय हो?"

"म्हणजे इथलं सगळं वातावरण शुद्धीवर आहे ना, असं विचारतंय."

"मग काय उत्तर आलं?"

"येस."

"तुमच्याकडे न बघताच दिलेलं दिसतंय," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दुसरी गंमत वेळेची. कोणते गाठोडे किती वेळात दळून होईल, हे पुस्तक मिनिटांत सांगत नाही. कारण माझी गिरणी आणि तुमची गिरणी सारखी नसते. म्हणून त्यांनी एक युक्ती केली आहे. बायन्युटिल्स नावाचे पहिले गाठोडे तुमच्या यंत्रावर बांधायला जितका वेळ लागेल, तितका वेळ म्हणजे एक माप. पुढच्या सगळ्या गाठोड्यांचा वेळ त्या मापात. म्हणजे समजा, आपल्या चुलीवर भात शिजायला लागेल तो एक भात. मग आमटी अर्धा भात आणि पुरणपोळी सहा भात. मला ही पद्धत एवढी आवडली, की ती सरकारी कचेऱ्यांतूनही लागू करावी असे वाटते. जीसीसी नावाचा जो कंपायलर आहे तो शेवटच्या खेपेला, सगळ्या तपासण्यांसह, चाळिसाच्या आसपास भात घेतो. तेवढ्या वेळात पंक्तीच्या पंक्ती उठतात.

हे सगळे पार पडले. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम पार पडले. यंत्र बंद करून चालू केले आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याने माझे नाव विचारले. बाकी काही नाही. चित्र नाही, रंग नाही, माउसचा बाण नाही. वीस मिनिटांच्या पुड्यातून निघते त्याच्या शतांशही नाही. आणि तरीसुद्धा छाती अशी काही फुगली, की मी भाच्याला फोन करून सांगितले, "माझी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चालू झाली."

"स्वतःची म्हणजे?" भाचा म्हणाला.

या 'म्हणजे'ने माझी झोप उडवली. कारण प्रश्न रास्त होता. स्वतःची म्हणजे काय? ऐंशी गाठोड्यांपैकी एकातलीही एक ओळ माझी नाही. पुस्तक माझे नाही. आज्ञासुद्धा पुस्तकातल्या, त्या मी पडद्यावरून उचलून दुसऱ्या पडद्यावर ठेवल्या. हे काम पूर्वी कचेरीत नक्कलनवीस करीत असे आणि त्याने कधी दस्तऐवजावर मालकी सांगितल्याचे ऐकिवात नाही. मग मी केले काय?

विचार करता करता सत्यनारायणाची पूजा आठवली. पूजेत यजमान काय करतो? मंत्र गुरुजी म्हणतात. सामग्रीची यादी गुरुजींची. शिऱ्याचा प्रसाद आत कोणीतरी केलेला असतो. यजमान पाटावर अवघडून बसतो, सांगितले की पळीने पाणी सोडतो, आणि गुरुजींनी "मम म्हणा" म्हटले की "मम" म्हणतो. एवढ्यावर सगळे पुण्य त्याचे. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. मम, मम, मम. लिनक्सच्या बाबतीत मी याहून जास्त काही केले असे मला शपथेवर सांगता येणार नाही.

तरीपण पूजेला बसलेला यजमान आणि नुसता प्रसादाला आलेला पाहुणा यांत काही फरक आहे की नाही? मला वाटते, आहे. यजमानाला निदान कोणकोणत्या देवतांना बोलावले आहे हे ऐकू येते. पाहुण्याला फक्त शिरा दिसतो. पुडेवाल्या लिनक्समध्येही हीच ऐंशी गाठोडी असतात, शिवाय आणखी शेकडो. पण ती दिसत नाहीत. घरी दळले की निदान त्यांची नावे डोळ्यांखालून जातात. ही अमक्याने लिहिली, ती तमकीने, या दोघांचे भांडण झाले म्हणून ही तिसरी निघाली. संकल्पाच्या वेळी गोत्रोच्चार होतो तसे आहे ते. माणूस सगळे विसरतो, पण कानावरून गेलेले असते.

ही तोड काढून मी जरा स्वस्थ झालो होतो. पण स्वस्थ बसणे हा आमच्या पुस्तकाचा हेतूच नाही. त्याने विरजणाचा प्रश्न काढला.

कंपायलर म्हणजे सोर्स कोड दळून यंत्राला पचेल असे पीठ करणारी आज्ञावली. आता कंपायलर हीसुद्धा एक आज्ञावलीच. तिचाही सोर्स कोड असतो. तो कोणी दळायचा? कंपायलरने. म्हणजे कंपायलर करायला आधी कंपायलर पाहिजे. दही लावायला आधी दही पाहिजे, तसेच हे. घरात विरजण नसेल तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. आमच्या पुस्तकातही हेच होते: आधी कोणतातरी तयार लिनक्स लागतो, त्याच्या कंपायलरचे विरजण घ्यायचे, आणि आपला कंपायलर लावायचा. मात्र शेजारच्या दह्याचा वास आपल्या दह्याला लागू नये म्हणून पुस्तक फार सोवळे पाळते. जीसीसी एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा बांधायचा. पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. मधेच आपण एका बंद खोलीत शिरून आतून कडी लावल्यासारखे करायचे, जेणेकरून जुन्या लिनक्सची सावलीही नव्यावर पडू नये. तिसऱ्या खेपेचे दही हातात आले की म्हणायचे, आता हे आपले.

पण दूध कितीही बदलले, पातेले कितीही घासले, तरी विरजणात जे होते ते उतरतेच ना?

ही शंका माझी नाही. केन टॉम्प्सन यांची आहे. युनिक्स नावाची जी मूळपीठिका, ती डेनिस रिची यांच्याबरोबर या गृहस्थांनी घडवली आणि १९८३चे ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळाले. अशा प्रसंगी माणूस आईवडिलांचे आभार मानतो, शाल-श्रीफळ घेतो आणि बसतो. टॉम्प्सन यांनी आपल्या भाषणात, जे १९८४ साली छापून आले, चोरी कशी करावी ते सांगितले. कल्पना करा, म्हणाले, की कंपायलरमध्ये मी एक खोट घातली. संगणकात शिरताना नाव-परवलीचा शब्द विचारणारी जी आज्ञावली असते, ती दळायला आली की हा कंपायलर तिच्यात गुपचूप एक चोरदरवाजा ठेवून देतो. कोणी म्हणेल, कंपायलरचा सोर्स कोड वाचला की चोरी सापडेल. म्हणून दुसरी खोट: कंपायलर स्वतःचाच सोर्स कोड दळायला आलेला ओळखतो, आणि नव्या कंपायलरमध्ये या दोन्ही खोटी आपल्या आपण उतरवतो. मग मूळ मजकुरातून दोन्ही खोटी पुसून टाकायच्या. आता सोर्स कोड गंगाजळासारखा स्वच्छ. तो हवा तितका वाचा. दूध शुद्ध, पातेले शुद्ध, बाईचे हात शुद्ध. खोट विरजणात, आणि प्रत्येक नव्या दह्यातून पुढच्या दह्यात.

हे वाचल्यावर माझ्या उत्साहावर काय पडले ते सांगायला दुसरा शब्द शोधावा लागत नाही.

यावर उपाय निघालेले नाहीत असे नाही. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली एक उपाय मांडला. तो आमच्या भाषेत असा: दुसऱ्याच गल्लीतल्या घरून विरजण आणा, त्याने तेच दूध लावा, आणि दोन्हीकडची दही शेवटी कणाकणाने ताडून पाहा, दोन्ही घरांत एकच चोर शिरलेला असण्याचा संभव फार कमी. त्याहून चिकट मंडळी म्हणाली, आम्हांला विरजणच नको. जुन्या बायका विरजण नसले की दुधात मिरचीची देठे टाकून दही लावायच्या, तसा यांचा प्रकार. ग्विक्स नावाच्या प्रकल्पाने २०२३ साली जाहीर केले, की आमचा सगळा डोलारा आता अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून उभा राहतो. ३५७ बाइट म्हणजे पोस्टकार्डावर मावतील. एक माणूस बसल्या बैठकीला त्यांतला प्रत्येक बाइट तपासू शकतो. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

पण मिरची कोणी लावली होती? ती ३५७ बीजे ज्या चिपवर पेरायची ती चिप मी केलेली नाही. वाळूपासून चिप करायचा कारखाना आमच्या गॅलरीत मावत नाही. लंडनमधल्या थॉमस थ्वेट्स या विद्यार्थ्याने २००९ साली एक साधा टोस्टर मुळापासून करायचे ठरवले होते. दुकानात तो चार पौंडांपेक्षाही कमी किमतीला मिळत होता. याने लोखंडाचे खनिज खाणीतून आणून वितळवण्यापासून सुरुवात केली. नऊ महिने गेले, हजाराच्या वर पौंड गेले, आणि विजेला जोडल्यावर तो टोस्टर काही सेकंद चालला. नऊ महिन्यांत माणसाला मूल होते आणि ते पुढे टोस्ट आणूनही देते.

इथे येऊन माणूस म्हणतो, मग विश्वास ठेवा आणि गप्प बसा. हेच आमचे शेजारचे काका म्हणाले. पण ते उलट्या बाजूने. "विश्वास?" ते म्हणाले, "तो पानिपतात गेला. १७६१ साली." हा विनोद मराठी माणूस अडीचशे वर्षे करीत आला आहे, आणि दर वेळी तो आपणच केला असे त्याला वाटते. (पाहा, 'घरची'चा प्रश्न इथेही आहेच.) काकांचे म्हणणे असे, की ज्याचा त्याने बघावे; दुसऱ्याच्या हातचे घ्यायचे ते तपासून घ्यावे.

तपासून म्हणजे किती? लिनक्सचा नुसता गाभा आज तीन कोटी ओळींच्या वर गेला आहे. सेकंदाला एक ओळ या वेगाने, दिवसाचे आठ तास, सणवार न पाळता वाचले, तर तीन कोटी ओळींना सुमारे १,०४२ दिवस लागतात, आणि नवी आवृत्ती दर दोन-अडीच महिन्यांनी येते. म्हणजे वाचणारा शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत पहिले पान पंधराएक वेळा बदललेले. शिवाय हा एकट्या गाभ्याचा हिशेब. बाकीची एकोणऐंशी गाठोडी दारात उभीच.

आणि वाचून तरी काय होते, ते २०२४ साली दिसले. या गाठोड्यांत एक्सझेड नावाचे एक छोटेसे गाठोडे असते. फाइली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. फिनलंडमधला एक माणूस ते वर्षानुवर्षे एकटा सांभाळत होता, बिनपगारी. जगातले असंख्य संगणक ते वापरत होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना त्या माणसाचे नावही माहीत नव्हते. २०२१च्या सुमारास जिआ तान या नावाने कोणी एक मदतीला आला. गुणी. न कंटाळता किडूकमिडूक दुरुस्त्या पाठवणारा. २०२२ साली आणखी काही नावे उगवली आणि त्यांनी त्या एकट्या माणसामागे धोशा लावला: काम फार हळू चालते, दुरुस्त्या पडून राहतात, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने उत्तर दिले, की माझी प्रकृती बरेच दिवस बरी नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा उद्योग आहे हेही ध्यानात घ्यावे. शेवटी त्याने त्या गुणी मदतनिसाला बरोबरीने घेतले. घरातल्या थकल्या माणसाने किल्ल्या द्याव्यात तसे.

२०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मदतनिसाने दोन आवृत्त्या काढल्या आणि त्यांत चोरदरवाजा होता. कुठे? खराब फाइली आल्या तर आज्ञावली काय करते हे तपासण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या खराब फाइलींत. खराबच असायच्या म्हणून ठेवलेल्या वस्तूकडे कोण निरखून बघणार? आणि तो दरवाजा उघडणारी कळ वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातच होती. सगळ्यांना बघता येणाऱ्या मूळ मांडणीत ती नव्हती.

हे सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या यंत्रात दुरून शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आमच्याकडे बँकेची खिडकी अर्धा तास उशिरा उघडली तर आपण रांगेत शेजाऱ्याशी ओळख करून घेतो. या माणसाने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे जगजाहीर केले. हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. म्हणजे लिनक्सच्या घरातला चोर पकडला तो समोरच्या वाड्यातल्या माणसाने.

आणि माझ्या वर्मी लागलेली गोष्ट पुढेच आहे. तो चोरदरवाजा आपल्याला कोण बांधते आहे हे आधी बघत असे. डेबियनच्या किंवा आरपीएमच्या घराण्याचा पुडा तयार होत असेल, तरच तो कामाला लागे. एखादा हौशी घरी दळत बसला असेल, तर तो गप्प बसे. म्हणजे घरच्या भाजणीवाल्यांना चोर लागला नाही तो आमच्या सोवळ्यामुळे नव्हे. चोराने आमच्याकडे बघितले आणि "यांच्याकडे काय असणार!" म्हणून पुढच्या दाराकडे गेला.

ही हकीकत कळल्यापासून काकांचा विनोद मला पुरत नाही. पानिपताच्या लोकांनी एवढेच पाहिले, की एका माणसाने विश्वासाचा घात केला. मला त्याच्या बऱ्याच आधीचे ते महिने दिसतात, जेव्हा ती उगवलेली नावे "अजून झालं नाही का?" म्हणून त्या थकलेल्या माणसाला टोचत होती. ती नावे बहुधा खोटीच होती, त्याच टोळीची. पण ती खोटी असल्याचे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. का आले नाही? कारण खरी माणसेही अगदी तसेच लिहितात. फुकट घ्यायचे, वर उशीर झाला म्हणून हिशेब मागायचा, ही भाषा इतकी रुळलेली आहे, की चोराला वेगळा वेष करावाच लागला नाही. आपल्यासारखे बोलला की भागले.

तेव्हा विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा वाद मला आता पोकळ वाटतो. ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, हे टॉम्प्सन यांनी विरजणातून आणि त्या टोस्टरवाल्या पोराने खाणीतून सिद्ध करून दाखवले आहे. ज्यांच्यावर तो ठेवला आहे ती माणसे कोण, आणि त्यांचे बरे चालले आहे ना, एवढी चौकशी मात्र आपल्या हातात असते. जो विश्वास चौकशीच करीत नाही, त्याला मी आळस म्हणेन. सर्व काही स्वतःच करीन म्हणणाऱ्याचा अविश्वासही त्याच आळसाचा चुलतभाऊ आहे. त्यालाही माणसांशी बोलायचे नसते.

आपल्याकडे माणूस जन्माला येतो तोच तीन ऋणे घेऊन, असे सांगितले आहे. देवऋण यज्ञाने फेडायचे, पितृऋण संततीने, आणि ऋषिऋण अध्ययनाने. हे तिसरे मला नेहमी सवलतीचे वाटत आले. ज्यांनी ज्ञान दिले त्यांना परत काही द्यायचे नाही, नुसते वाचायचे? एवढ्यावर फिटते? ऐंशी गाठोडी सोडून बसल्यावर त्यातली मेख कळली. कोणीतरी रात्री जागून लिहिलेले दुसऱ्या कोणीतरी उघडून पाहणे, त्यात लक्ष घालणे, अर्धा सेकंद कुठे गेला ते विचारणे, हेच त्या लिहिणाऱ्याला लागत असते. ते एकट्या फ्रॉइंड यांनी केले आणि आपण सगळे वाचलो. घरी दळण्याचा उपयोग मला विचाराल तर एवढाच आहे. त्याने सुरक्षितता येत नाही, स्वावलंबन तर मुळीच येत नाही. आपण किती जणांचे देणे लागतो त्याची ऐंशी कलमी यादी हातात येते.

आणि ही देणीसुद्धा विचित्र आहेत. लिनक्सचा गाभा १९९२ सालापासून ज्या परवान्याखाली वाटला जातो, तो म्हणतो: घ्या, वापरा, मोडा, बदला, पण दुसऱ्याला द्याल तेव्हा मूळ मजकूरासकट द्या आणि त्यालाही हीच मोकळीक द्या. होमात आहुती टाकली की 'न मम' म्हणतात, हे माझे नव्हे. इतकी वर्षे पाटावर बसून 'मम, मम' म्हणणाऱ्या आम्हां यजमानांच्या ध्यानात हे शेवटचे दोन शब्द राहत नाहीत, कारण तोपर्यंत शिऱ्याचा वास सुटलेला असतो.

भाच्याला मी हे सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता तू पुडा आणणाऱ्यांना नावं ठेवणार नाहीस?"

मुळीच नाही. खुशाल पुडा आणा. आयुष्य थोडे आहे आणि जीसीसीला चाळीस भात लागतात. पण आपल्याकडे एक रीत आहे: विरजणासाठी आलेली शेजारणीची वाटी असो की नैवेद्याची, ती रिकामी परत जात नाही. चार साखरेचे दाणे का होईनात, ठेवतात. एखादी खोड सापडली तर नीट लिहून कळवावी. ऐपत असेल त्याने चार पैसे पाठवावेत. इंग्रजी येत असेल त्याने पडद्यावरचे शब्द मराठीत आणावेत, ग्नोम किंवा लिब्रेऑफिस मराठीतून दिसते ते कोणीतरी असे बसून केले म्हणूनच. यांतले काहीच जमत नसेल, तर निदान उशीर झाला म्हणून ओरडू नये. तेवढेही खूप आहे.

आणि वाटीत ठेवायला घरात दुसरे काही नसेल तर दोन चकल्या ठेवाव्यात. पुड्यातल्या असल्या तरी चालेल. घरच्या म्हणून सांगा.